‘तळे’ नावाची फाइल

सुरुवातीलाच सांगून टाकतो — माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, पण वाचताना मनात म्हणत असतो, अहो, मांजर असेल, वारा असेल, नाहीतर तुमचं अपचन असेल. माझा धंदाच मशीनचा. मशीन बिघडलं तर त्याला कारण असतंच, आणि कारण सापडत नसेल तर शोधणारा कच्चा, असं मी आजवर शंभर जणांना ऐकवलंय. आता मीच कच्चा ठरलोय. हे लिहायला मला दोन वर्षं लागली, आणि भीती वाटत होती म्हणून लागली असं समजू नका. लाज वाटत होती.

वाटूर फाट्यावर रसवंतीच्या शेजारी माझं ऑनलाइन सेवेचं दुकान आहे. दहा बाय बाराचा गाळा, एक कॉम्प्युटर, प्रिंटर, झेरॉक्स, अंगठा घ्यायचं मशीन आणि लोकांसाठी दोन खुर्च्या. सातबारा, पीकविम्याचे फॉर्म, पोरांचे दाखले, हंगामात लग्नपत्रिका. भिंतीवर मी स्वतः टाइप करून चिकटवलेला कागद — ‘अनोळखी मेल उघडू नका. आपली सुरक्षा आपल्या हाती.’ हा कागद लक्षात ठेवा.

तर त्या उन्हाळ्यात कौसामावशी दुकानात आल्या. सत्तरीच्या, बारक्या चणीच्या, आवाज मात्र खणखणीत. वाटूरहून पाचेक किलोमीटरवर त्यांची वाडी आहे. वाडीच्या वर एक तळं आहे, बहात्तरच्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर माणसांनी हातांनी खोदलेलं. ग्रामपंचायतीने त्या तळ्यावर दगडी फलक बसवायचं ठरवलं होतं आणि फलकावर कोण? आजी-माजी सरपंच, सदस्य, झालंच तर गाळ काढणारा ठेकेदार. ग्रामसभेत मावशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ज्यांनी तळं खांदलं त्यांची नावं लिव्हा. लोक हसले. मग कोणीतरी म्हणालं, नावं आहेत कुठं? यादी आणा, कोरून देऊ. जुना हजेरीपट कुठेच सापडला नव्हता. त्या कामावरच्या रांगेतलं जिवंत माणूस एकच उरलं होतं, ते म्हणजे मावशी. त्यांना दीड महिन्याची मुदत मिळाली.

“मला लिव्हता येत न्हाई,” मावशी मला म्हणाल्या. “मी सांगते, तू लिव्ह. पर मला मधूनच इचारू नको. पयल्यापासून सांगावं लागतंय.”

का, ते लगेच कळलं. खाली खड्ड्यापासून वर बांधापर्यंत चौसष्ट माणसांची रांग असायची आणि मातीचं टोपलं या हातातून त्या हातात जायचं. मावशींना नावं त्या रांगेनेच आठवायची. खुर्चीत बसून त्या डावीकडून टोपलं घेतल्यासारखे हात करायच्या, उजवीकडे द्यायच्या आणि दर वेळी एक नाव. “लिंबाजी. सखूबाई. हलीमाबी. किसन लंगडा. शेवंता...” सगळ्या जातींची माणसं होती त्या रांगेत. मध्येच हात थांबायचे. “टोपलं आडलं,” म्हणायच्या, आणि उठायच्या. दुसऱ्या दिवशी बरोबर अकराला हजर. पुन्हा पहिल्यापासून हात चालू, काल अडलेल्या जागेवर नाव निघायचं, पुढे चार-पाच अजून. नऊ दिवसांत एक्केचाळीस नावं झाली. मी फाइलला नाव दिलं होतं ‘तळे’.

मला त्या आवडायच्या, खोटं कशाला बोलू. चहा पाजायचो त्यांना. पैसे घेणार नव्हतो, त्याचाही मनातल्या मनात मोठा तोरा होता. पण लग्नपत्रिकांच्या डिझाइनचा बॅकअप घरच्या हार्ड डिस्कमध्ये मी दर रविवारी घ्यायचो, ‘तळे’चा एकदाही घेतला नाही. फुकटचं काम ते फुकटचंच.

दहाव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मला एक मेल आला. ‘अभिनंदन! आपल्या केंद्राची जिल्ह्यातील उत्कृष्ट सेवा केंद्र म्हणून निवड झाली आहे. सोबत प्रमाणपत्र जोडले आहे.’ पाठवणाऱ्याचा पत्ता बघितला असता तर शाळकरी पोरालाही कळलं असतं. मी बघितलाच नाही. मी मनात त्या प्रमाणपत्राला फ्रेम करून कुठल्या भिंतीवर लावायचं ते ठरवत होतो. क्लिक केलं. काही उघडलं नाही. पुन्हा केलं. मग गिऱ्हाईक आलं आणि मी विसरलो.

अकराला मावशी आल्या. त्या दिवशी त्यांनी पदराच्या गाठीतून एक मेमरी कार्ड काढलं. त्यांच्या नातीने, नंदाने, मोबाइलवर तळ्याचा फोटो काढला होता, तो यादीच्या वर टाकायचा होता. मी कार्ड घातलं, फोटो घेतला आणि ‘तळे’ उघडायला गेलो... तर फाइलचं चिन्ह पांढरं फटक. नावाच्या जागी कसलीतरी अक्षरं. शेजारच्या फाइली एकेक करून तशाच होत गेल्या, माझ्या डोळ्यांदेखत. मग पडद्यावर इंग्रजीतली धमकी आली, पैसे भरा नाहीतर फाइली विसरा. मला त्याच क्षणी कळलं होतं, हे कशानं झालं ते. सकाळचं ते प्रमाणपत्र.

दुकानात चार-पाच माणसं ताटकळत होती. सगळ्यांचे फॉर्म अर्धवट. एक जण ओरडला, “काय झालं हो? आमचं जल्दी करा, गाडी चुकून राह्यली.”

“व्हायरस आलाय,” मी म्हणालो.

“कशानं आला?”

मी भिंतीवरच्या त्या कागदाकडे बघितलं. मग टेबलावरच्या मेमरी कार्डाकडे बघितलं. आणि म्हणालो, “बाहेरची कार्डं घालावी लागतात ना लोकांची... त्यातून येतो.”

खोटं असं मी एकही वाक्य बोललो नाही. हे मी नंतर स्वतःला कितीतरी वेळा सांगून बघितलंय.

मावशींनी विचारलं, “व्हायरस म्हंजी?”

ज्याची गाडी चुकत होती तो गाडीवाला हसला. “लागण असती, मावशी. करोनावानी. एकाचं दुसऱ्याला लागतं.”

मावशी स्वतःच्या हाताकडे बघत राहिल्या. ज्या हाताने कार्ड दिलं होतं, त्या. मग हळू आवाजात मला म्हणाल्या, “म्हंजी... आमचं लागलं व्हय त्याला?”

बाहेरच्या वाचकाला हे वाक्य साधं वाटेल, म्हणून सांगतो. आमचं घर वाटूरमधलं जुनं, शेतीवाडीचं. माझ्या लहानपणी ओसरीच्या कोनाड्यात एक कप पालथा ठेवलेला असायचा. तो कोणासाठी ते मला कोणी सांगितलं नाही, सांगावं लागलंच नाही. मावशींच्या घराने छप्पन सालीच दीक्षा घेतली, जुनं सगळं टाकून दिलं. पण आमच्या घराने तो कप मी दहावीला जाईपर्यंत टाकला नव्हता. मावशी काय विचारतायत ते मला कळलं. दुकानातल्या चाळिशीपुढच्या सगळ्यांना कळलं.

मी तेव्हा एवढंच म्हणायला हवं होतं — न्हाई मावशी, मीच एक फालतू मेल उघडला. दहा सेकंदांचं काम. आणि मी म्हणालो, “जाऊ द्या मावशी. होतं असं.”

म्हणजे मी त्यांना माफ केलं! चूक माझी, आणि माफी मी देतोय. मावशी उठल्या. उठताना त्यांनी पदराने खुर्ची पुसली, दोनदा. कार्ड गाठीत बांधलं आणि गेल्या. त्या दिवसापासून त्या आल्या नाहीत.

जालन्याहून फारुकभाई आला. माझी मशीनं तोच बघतो, पंधरा वर्षांची ओळख. त्याने अर्ध्या तासात निदान केलं. “मेल से आया, भाई. तूच खोल्या. सर्टिफिकेट पाहिजे होतं व्हय तुला?” त्याने जुनी डिस्क काढून घेतली, कोरी करकरीत डिस्क बसवली, सगळं नव्याने टाकलं. जुन्या फाइलींचं काही होणार नाही म्हणाला. मी ‘तळे’बद्दल विचारलं. “गया समझ,” म्हणाला. त्या दिवशीच मावशींकडे जायला हवं होतं. उद्या जाऊ म्हणालो... तुम्हाला माहीतच आहे, असल्या उद्याचं काय होतं.

नवीन डिस्क बसवल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मशीन लावलं, तर डेस्कटॉपवर एक फाइल. ‘तळे’.

मला वाटलं फारुकभाईने मिळवून टाकली. उघडली. एक्केचाळीस नावं, माझ्याच फाँटमध्ये, माझी एक चूक होती ‘शेंवता’ अशी, तिच्यासकट. खूश होऊन त्याला फोन लावला. तो म्हणाला, “पागल झाला का? तुझी डिस्क माझ्यापुढं टेबलावर पडेल हाय. तिला अजून मी हातबी न्हाई लावला.” मग माझी टरकली. व्हायरस परत आला म्हणून मी फाइल उडवली, कचरापेटीतूनही उडवली. अँटिव्हायरस फिरवला. सगळं साफ.

दुसऱ्या दिवशी फाइल पुन्हा जागेवर. आणि आता नावं बेचाळीस होती. ‘४२. चंद्रभागा सोपान’. हे नाव मी कधी टाइप केलं नव्हतं. ऐकलंही नव्हतं.

त्यानंतर रोज एक नाव. मी उडवणं सोडलं, नुसता बघत बसायचो. फाइल शेवटची कधी बदलली याची वेळ मशीन ठेवतं ना, ती दर दिवशी अकराच्या पुढची. सव्वाअकरा, अकरा दहा, अकरा वीस. मी समोर बसलेला असायचो, पडद्यावर काही हलायचं नाही, आणि बाराला उघडलं की नाव वाढलेलं. आता लांबून कोणीतरी शिरून करतंय म्हणावं, तर मी नेटची वायर काढून ठेवली. तरी नाव आलं. शेवटी एके दिवशी मी दहा वाजता मशीन बंद केलं, बोर्डातून पिन काढली आणि ती पिन हातात धरून दुकानाच्या पायरीवर बसलो. भर उन्हात, लोक बघतायत, रसवंतीवाला विचारतोय काय झालं. बारापर्यंत बसलो. मग लावलं. ‘५१. नामदेव गिरजाबा’. वेळ, अकरा वाजून बारा मिनिटं. त्या वेळी पिन माझ्या हातात होती हो!

फारुकभाईला बोलावून दाखवलं. त्याने तासभर सगळं उलटंपालटं केलं. मग चहा पिताना म्हणाला, “देख, मला काही सापडत न्हाई. पर नामां हैं ना, गाल्यां तो नै. रहने दे.” त्याने त्या फेरीचे पैसे घेतले नाहीत, आणि फारुकभाई पैसे घेत नाही म्हणजे मामला गंभीर.

यादी त्रेसष्टवर थांबली. खाली ‘६४.’ एवढाच आकडा आणि पुढे कोरी जागा. दोन दिवस गेले, तीन गेले, पुढे काही येईना. तेवढ्यात ग्रामपंचायतीतून फोन आला, यादी येणार नसेल तर जुना मजकूर कोरायला टाकतो. वाडीवर म्हणे कळलं होतं की मावशींच्या डोक्यातून नावं गेली, त्यांनीच तसं सांगितलं. मी प्रिंट काढली आणि गाडीला किक मारली. वाटेत दोनदा थांबलो. एकदा तर पेट्रोल बघायचं निमित्त करून.

मावशी दारात बसल्या होत्या. मला बघून त्यांनी बाजूची चटई सरकवली आणि स्वतः जरा लांब सरकल्या. ते लांब सरकणं मी बघितलं.

नंदा बाहेर आली. मी तिला विचारलं, मावशींनी इतक्या दिवसांत कोणाला नावं सांगितली का, कोणी लिहून घेतली का. ती म्हणाली, “न्हाई ना. आजी कोणाला काही सांगत न्हाई. रोज अकरा वाजता इथं बसती अन् नुसते हात करती. मी इचारलं तर बोलती, आज एक टोपलं गेलं. झालं, तेवढंच.”

मी उभा होतो तो खाली बसलो.

“मावशी,” मी विचारलं, “ते टोपलं तुम्ही कोणाला देऊन राह्यलात?”

“मला काय ठाव?” त्या म्हणाल्या. “तुझ्याकडं यायचं न्हाई म्हनून घरीच देऊन राह्यले. पर पुढं कोणी घेतलं की कळतंय. हात हलका व्हतो.”

मी वाचायला लागलो. पहिल्यापासून. मावशींचे हात आपोआप चालू झाले. एक्केचाळीस झाली. बेचाळिसावं वाचलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे एकदा रोखून बघितलं, पण हात थांबले नाहीत. डावीकडून घ्यायचं, उजवीकडे द्यायचं. त्रेसष्ट नावं झाली, एकही अडलं नाही, एकही चुकलं नाही.

“चौसष्टावं कोरं आहे,” मी म्हणालो.

मावशी हसल्या. आल्यापासून पहिल्यांदा. “ती मी. शेवटाला बांधावर मीच व्हते, टोपलं रिकामं करायला. नवी नवरी व्हते, लगन होऊन दोन महिने झाल्ते. पुढं द्यायला कोणी न्हाई, मंग कशी येईन मी त्याच्यात?”

मग मात्र मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. मेल, प्रमाणपत्र, भिंतीवरचा कागद. कार्ड साफ होतं, बिलकुल साफ, तुमच्या हातानं काही आलं नव्हतं, हे मी दोनदा म्हणालो. नंदा आत निघून गेली. मावशी माझ्याकडे वळल्या.

“मंग त्या दिशी का न्हाई बोललास?”

“लाज वाटली मावशी. एवढी माणसं होती.”

“हां,” त्या म्हणाल्या. “अन् तुला लाज वाटली म्हनून तू ती माझ्या अंगावर टाकली. बराबर?”

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

मी त्यांना म्हणालो, उद्या दुकानात या, चौसष्टावं नाव तुम्ही तुमच्या बोटाने टाइप करा. आणि मी मनाशी पक्कं ठरवलं — लोक असतील तेव्हाच बोलायचं. सगळ्यांसमोर, मोठ्याने.

दुसऱ्या दिवशी अकराला त्या आल्या. दुकानात पाच-सहा माणसं. त्यात तो गाडीवालाही होता, दुसऱ्या कसल्या दाखल्यासाठी आलेला. मावशींनी चपला बाहेर काढल्या, खुर्चीच्या कडेवर टेकल्या. मी एकेक कळ दाखवत होतो. त्यांनी बोट पुढे केलं आणि कळीच्या वर, बोटभर अंतरावर थांबवलं.

“काही व्हनार न्हाई ना त्याला?” त्यांनी विचारलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. आज वाटतं, मुद्दामच. मला जागा करून दिली त्यांनी.

मी गाडीवाल्याकडे बघितलं. भिंतीकडे बघितलं. आणि म्हणालो, “न्हाई मावशी. दाबा तुम्ही.”

बस, एवढंच. मावशींनी माझ्याकडे क्षणभर बघितलं, मग कळ दाबली. एकेक अक्षर करून ‘कौसाबाई’ झालं. प्रिंट घेतली आणि त्या निघून गेल्या.

फलक बसला. चौसष्ट नावं आहेत, वाडीवर गेलात तर वाचून या. फाइल त्यानंतर कधीही आपोआप बदलली नाही. तीच आजही माझ्या डेस्कटॉपवर आहे, आणि घरच्या हार्ड डिस्कमध्ये तिचा बॅकअपही आहे. पाच किलोमीटरवर एका म्हातारीने नुसते हात हलवले आणि पिन काढलेल्या मशीनमध्ये नाव कसं उमटलं, ते मला माहीत नाही. फारुकभाईला माहीत नाही. वाचकांत कोणी जाणकार असेल तर खुशाल सांगावं, मी ऐकून घेईन, पण खरं म्हणजे आता मी त्याच्या मागे नाही. दुकानात पाच-सहा माणसांपुढे जे बोलायचं होतं ते तोंडातून निघालं नाही, म्हणून इथे लिहिलंय. भिंतीवरचा तो कागद मी काढून टाकलाय.

मावशी वर्षातून एकदा येतात, हयातीच्या दाखल्याला. आत येत नाहीत, पायरीवर बसतात. मी अंगठ्याचं मशीन बाहेर नेतो. आता मशीनला अंगठा लावण्याआधी सगळेच तो पुसतात, शेतात काम करणाऱ्यांचे ठसे लवकर उमटत नाहीत म्हणून मीच सांगतो तसं. मावशींना मी कधी सांगितलं नाही. त्या आपणहून पदराला अंगठा पुसतात, दोनदा, आणि मगच मशीनला लावतात. त्या कशासाठी पुसतात ते मला माहीत आहे.